गुरुवारी लाइट जायच्या आत

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. मागच्या मे महिन्यात अशाच रागाच्या भरात मी लेकीच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला. ती अकरा वर्षांची. शाळेला सुट्टी लागल्यापासून मोबाइलवर दिवसभर कुणाला तरी गोळ्या घालत बसायची, आणि जेवायला हाक मारली की म्हणायची, ‘एक मिनिट.’ मोबाइल गेल्यावर तिनं दोन दिवस घरात असं काही तोंड केलं, की माझा नवरा घाबरला आणि पिंपरीच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा गेम घेऊन आला. काळा डबा, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. खोक्यावर लिहिलं होतं: नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव गेम.

आम्ही मोजले. एकवीस निघाले. बाकी सगळे तेच, फक्त नाव बदलून. पण मला विचाराल तर एकवीस भरपूर झाले. लहानपणी बीडला उन्हाळ्यात शेजारच्यांच्या घरी आम्ही सात पोरं एका रिमोटवर असेच गेम खेळायचो, खिडकीला ओली चादर लावून. रणगाड्यांचा गेम पडद्यावर आला तशी मी हातातली कणीक तशीच टाकून धावले. लेक म्हणाली, “आई, तुला येतं?” मी म्हटलं, “बघच आता.” पुढचा अर्धा तास रिमोटला कणीक लागत होती आणि मी तिला रिमोट देत नव्हते.

रणगाडे झाले, बदकं मारून झाली, मोटारसायकल तर पहिल्याच वळणावर झाडाला धडकायची. पण सगळ्यांचा जीव जडला तो तेराव्या नंबरच्या गेमवर. निळ्या कपड्यांतला एक ठेंगणा माणूस, हातात पान्यासारखं काहीतरी, आणि पळत सुटायचं. वाटेत खेकडे, वटवाघळं, पाण्यात चावरे मासे. आठ लेव्हल. माझ्या सासऱ्यांनी त्याच्याकडे दोन मिनिटं निरखून पाहिलं आणि म्हणाले, “ह्यो तर आमचा फिटर.” तेव्हापासून तो फिटरच.

सासरे मूळचे चाकणजवळच्या गावचे. पस्तीस वर्षं पिंपरीत प्रेसवर काम केलेले. प्रेस म्हणजे पत्रा ठोकणारं मोठं मशीन. ते चालवताना दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबावी लागतात, म्हणजे एखादा हात मशीनमध्ये राहून कापला जाऊ नये. त्यांची दहाही बोटं शाबूत आहेत आणि त्याचा त्यांना फार अभिमान. पण ती सवय काही सुटत नाही. रिमोट हातात आला की दोन्ही अंगठे एकदम खाली. फिटर बिचारा प्रत्येक वेळी उडी मारता मारता पाना फेकायचा. समोर कुणी नसलं तरी फेकायचा. “आप्पा, एकच बटण दाबा,” लेक ओरडायची. “एका हातानं मशीन चालवायचं न्हाई,” ते म्हणायचे, आणि खेकडा मेला की तिच्याकडे वळून भुवया उडवायचे.

आता आमच्या घराची घडी सांगायला हवी. मी भोसरीत एका कंपनीत तपासणीला आहे, कायम पहिली पाळी. सकाळी सव्वासहाला आकुर्डीतून बस पकडते, साडेचारला घरी. नवरा चाकणला. त्या महिन्यात त्याला सलग दुसरी पाळी होती. दुपारी अडीचला बाहेर, आणि परत येतो तेव्हा आम्ही गाढ झोपेत. तो उठतो तेव्हा मी नाही, मी येते तेव्हा तो नाही. एका गादीवर झोपणारी दोन माणसं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांनी संसार करत होती. दोघांनाही सुट्टी गुरुवारी. आणि गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते. म्हणजे घरातली चारही माणसं ज्या दिवशी जागी आणि एकत्र, त्याच दिवशी टीव्ही मुका.

त्यात ह्या गेमची मेख अशी, की त्याला काही आठवत नाही. बंद केला की फिटर पुन्हा पहिल्या लेव्हलला. म्हणून लेकीनं शक्कल काढली: बंद करायचाच नाही. फक्त थांबवून ठेवायचा. गुरुवारी संध्याकाळी लाइट आली की सुरू करायचा, आणि पुढच्या गुरुवारी लाइट जायच्या आत आठवी लेव्हल संपवायची. मध्ये जो घरी असेल त्यानं पुढे न्यायचा. सकाळी चालून आल्यावर आप्पा, बारा ते दोन पप्पा, संध्याकाळी आई, आणि उरलेला सगळा वेळ ती स्वतः. वाटणी कशी केली ते बघा. डबा तापू नये म्हणून आप्पांनी त्याच्यासमोर छोटा पंखा लावला. आम्ही घामाघूम आणि फिटरला वारा.

आणि जिथं पाळ्या तिथं वही आलीच. आमच्याकडे मशीन दुसऱ्याच्या हातात देताना लिहून द्यावं लागतं, काय चालू, काय बिघडलं. लेकीची जुनी वही टीव्हीखाली ठेवली. आप्पा लिहायचे: ‘फिटर ठीक. लाइफ सहा. खेकडे तेरा मारले.’ नवरा लिहायचा: ‘पाण्यात मासा खालून येतो. भाजी छान होती. डावीकडच्या शिडीनं जा.’ मी लिहायचे: ‘डावीकडच्या शिडीनं गेले आणि मेले. तुझं ऐकून माझं कधी भलं झालंय?’ दुसऱ्या दिवशी उत्तर: ‘माझी डावी. तुझी नाही.’ मी बसमध्ये बसून एकटीच हसत होते. शेजारची मैत्रीण म्हणाली, काय गं, कुणाचा मेसेज? मी म्हटलं, नवऱ्याचा. ती म्हणाली, चल, काहीही.

पहिल्या आठवड्यात आम्ही सातव्या लेव्हलपर्यंत गेलो. बुधवारी सकाळी आप्पांनी आपली पाळी उरकली आणि पस्तीस वर्षं जे केलं तेच केलं. मेन स्विच बंद. वायर गुंडाळली. ओल्या फडक्यानं डबा पुसला, कोरड्यानं पुन्हा पुसला, आणि वहीत लिहिलं: ‘मशीन बंद करून साफसफाई केली.’ मी घरी आले तर लेक भिंतीकडे तोंड करून बसलेली आणि आप्पा आपला गुन्हा काय ते न कळून दारात उभे. मला खरं तर चिडायला हवं होतं. पण तो चकाकणारा डबा आणि ती वायरची सुबक गुंडाळी पाहिली आणि मला असं हसू फुटलं, की मी तिथंच खाली बसले. लेक आधी माझ्यावर चिडली, मग तीही हसायला लागली. आप्पा म्हणाले, “आता चालू मशीन सोडून कोन जातं व्हय?” बोलणं बरोबरच होतं त्यांचं.

दुसरा आठवडा मात्र शेवटचा होता. त्या गुरुवारी दुपारी आप्पा लेकीला एसटीनं नगरला आत्याकडे नेणार होते, ते थेट शाळा सुरू होईपर्यंत. म्हणजे गुरुवारी सकाळपर्यंत गेम संपला तर संपला, नाहीतर ह्या उन्हाळ्यात शेवटी काय होतं ते तिला दिसणार नव्हतं. तिला तर ध्यासच लागला. स्विचवर तिनं चिठ्ठी चिकटवली: ‘आप्पा, हात लावू नका.’ सोमवारी संध्याकाळी फिटर आठव्या लेव्हलला पोचला आणि आम्ही दोघी गादीवर उड्या मारून नाचलो. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, पाहुणे आलेत का.

आणि मग गाडं अडलं. आठव्या लेव्हलच्या टोकाला आगीचा एक खड्डा होता आणि त्यापलीकडे शेवटचा राक्षस. तो खड्डा काही लेकीच्यानं पार होईना. मंगळवारी सकाळी पडली, दुपारी पडली. बुधवारीही तेच. वहीत रोज एकच ओळ: ‘खड्ड्यात पडले.’ आम्ही मागितला तर रिमोट देईना. म्हणे, तुम्ही लाइफ घालवाल. बुधवारी संध्याकाळी दोन लाइफ उरल्या, आणि त्यात मेसेज आला: गुरुवारी सकाळी दहा ते पाच वीज बंद. वर नवऱ्याचा फोन, की पाळीला जोडून ओव्हरटाइम लागलाय, सकाळी आठला येतो. माझ्या तोंडचं पाणी पळालं. चाळिशीला आलेली बाई, घरात पोरीची बॅग भरायचीय, लाडू करायचेत, आणि माझ्या डोक्यात एकच विचार, की तो फिटर खड्डा कसा ओलांडणार.

गुरुवारी आठ वाजले, नवरा नाही. साडेआठ, नाही. फोन केला तर चाकणच्या चौकात बस अडकलेली. “पुढं कंटेनर आडवा पडलाय,” तो म्हणाला, “तुम्ही खेळा.” मी लेकीला म्हटलं, “चल, लाव.” ती म्हणाली, “नको. पप्पा येऊ देत.” मी म्हटलं, “अगं, दहाला लाइट जाईल.” ती रिमोट मांडीवर घेऊन ढिम्म. नऊ वाजले. मी तिला समजावलं, रागावले, शेवटी घड्याळ तिच्या नाकासमोर धरलं. सव्वानऊला आप्पा खाली रस्त्यावर जाऊन उभे राहिले, जणू त्यांच्या उभं राहण्यानं चाकणचा चौक मोकळा होणार होता. साडेनऊ. पावणेदहा. माझा पारा असा चढला, की मी स्वतःच रिमोट ओढायला निघाले होते.

पावणेदहा होऊन गेल्यावर जिन्यात पळण्याचा आवाज आला. आधी नवरा, मागे धापा टाकत आप्पा. कंपनीचे कपडे, खांद्याला डब्याची पिशवी, बूट पायातच. “कुठवर आलं?” एवढंच विचारून तो जमिनीवर बसला. लेकीनं लगेच बटण दाबलं आणि फिटर पळाला. आम्ही तिघं एकदम ओरडत होतो, उजवीकडे, खाली, वटवाघूळ. खड्डा आला. मी डोळे मिटले. उघडले तर फिटर पलीकडे. ना थांबला, ना अडखळला, जसा रोजच्या वाटेवरचा नाला ओलांडावा.

मग राक्षस. त्याला नऊ पाने मारायचे होते. दोन तिनं मारले आणि रिमोट पप्पांच्या हातात दिला. “आता तुम्ही.” त्यानं तीन मारले, मी एक, आणि मी घाबरून रिमोट आप्पांकडे फेकला. आप्पांनी दोन्ही अंगठे दाबले. उडी आणि पाना, उडी आणि पाना, उडी आणि पाना. राक्षस फुटला. पडद्यावर इंग्रजीत अभिनंदन आलं, तेही चुकीच्या स्पेलिंगचं, चार रंगीत फुगे उडाले, आणि संपलं. एवढ्यासाठी दोन आठवडे! आम्ही असे ओरडलो, की काकू ह्या वेळी विचारायलाही आल्या नाहीत. नवऱ्यानं बुटासकट लेकीला उचलून फिरवलं. मी आप्पांना टाळी दिली, जी मी लग्न झाल्यापासून कधी दिली नव्हती.

दहा वाजायला दोन मिनिटं होती. आम्ही चौघंही पंख्याकडे बघत बसलो. दहा वाजले, पंखा फिरतोच आहे. सव्वादहा झाले. लाइट काही गेली नाही. ती त्या दिवशी गेलीच नाही. आम्ही उगाचच्या उगाच जीव टांगणीला लावून बसलो होतो, आणि ते लक्षात आल्यावर पुन्हा हसत सुटलो.

हसणं ओसरल्यावर आप्पा तिच्याकडे बघत म्हणाले, “काय गं, दोन दिस खड्ड्यात पडत व्हतीस. आज एका दमात कशी काय गेलीस?”

ती पुन्हा पंख्याकडे बघायला लागली.

“मी युनियनमधी व्हतो पोरी. मुद्दाम काम हळू केलेलं मला वळखू येतं.”

मी तिच्याकडे पाहिलं. मी तपासणीतली बाई, दिवसाला शेकडो नग बघून खोट काढते, आणि माझ्या घरातली ही मला दिसली नव्हती. ती फुगलेल्या चेहऱ्यानं रिमोटची वायर बोटाला गुंडाळत होती. आता ही रडते की काय, असं वाटलं. पण ती चिडून बोलली, अगदी माझ्यासारखी.

“मग काय करू? मंगळवारी जिंकले असते. पप्पा झोपले होते, तू कंपनीत, आणि आप्पा बँकेत गेले होते. जिंकून बघणार कोण होतं?”

मला इतका आनंद झाला की तो कुठं ठेवावा कळेना. लाडू राहिले होते, बॅग उघडी होती, दुपारची एसटी गाठायची होती. नवऱ्यानं आत्ता कुठे खांद्यावरची पिशवी उतरवली, बूट काढून दारात ठेवले आणि परत येऊन तिला चिकटून बसला. रात्रभर काम केलेला माणूस. मी म्हटलं, “जा, तासभर पडून घे.”

“झोप नाही आली,” तो म्हणाला. “दुसरा रिमोट कुठाय?”