हात पाठीमागे

प्रिय सई आणि निहार,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर माझा आवाज तुम्हाला ऐकू येईना, तेव्हा तुम्ही ओरडलात, "आजी, फोन शेजारच्या काकूंना दे, त्या करतील." मी दिला नाही. हा हट्ट मूळचा माझा नव्हे. खारबावच्या भावोजींचा, म्हणजे तुमच्या आजोबांच्या मावसभावाचा. मागच्या महिन्यात ते गेले, म्हणून आताच लिहून ठेवते.

कॉम्प्युटरला बोट न लावता अख्ख्या गावाला कॉम्प्युटर शिकवणारा दुसरा माणूस भिवंडी तालुक्यात झाला नसेल. गोदामांना जमिनी देऊन लोकांनी गाड्या घेतल्या; यांनी जुने कॉम्प्युटर घेतले आणि ओसरीवर फुकट क्लास उघडला. वीज गेली की पाटावर खडूने काढलेल्या की-बोर्डवर सराव चाले. कोणी कितीही अडलं तरी भावोजींचे दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत घट्ट. जाऊबाई म्हणायच्या, "जेवलेला ताट उचलाया सांगितला तरी हात पाठीमागंच! ह्यो पन क्लासच काय?"

मीही तिथेच शिकले. शेजारी सुगंधा बसायची. मानकोलीच्या गोदामात दिवसभर उभ्याने खोकी भरून तिचे पाय सुजत. मालाची नोंद कॉम्प्युटरवर करता आली तर बसायचं काम मिळणार होतं, आणि त्याची परीक्षा दुसऱ्याच दिवशी होती. सराव करताना पडद्यावरचा तक्ता अचानक नाहीसा झाला.

"सर, सगला ग्येला! तुमीच दाबा ना."

"माजा हात तुज्यासंगती मानकोलीला येनार हाय का?"

"मंग नापास झाले तर?"

"तर परत शिकू. रडतेस काय? पडद्याच्या खालच्या पट्टीवर बघ."

मला त्यांचा राग आला. पाणी प्यायला उठले, तेव्हा त्यांची पाठ दिसली. मागे त्यांच्या एका हाताचं बोट दुसऱ्या हाताच्या तळव्यावर सारखं दाबलं जात होतं, जणू तक्ता तेच उघडत होते.

सुगंधाने तो अखेर शोधला.

दुसऱ्या दिवशी भावोजी सकाळपासून गोदामाच्या फाटकाशी उभे, सोबत मी. सुगंधा धावतच बाहेर आली. "सर, तिथं पन तक्ता ग्येला व्हता. मीच परत आनला! उद्यापासून खुर्ची!"

तेवढ्यापुरते भावोजींचे हात पुढे आले, डोळे पुसायला. म्हणाले, "ट्रकांची धूल लई हाय इथं."

ओसरी आहे, कॉम्प्युटर आहेत. रविवारी सुट्टीच्या दिवशी सुगंधा तिथे शिकवते. तिचे हात पाठीमागे असतात.