वकीलसाहेब खुर्चीवरून उठले

आमच्या वेझर नदीकाठच्या गावात फोल्कमार टीडेमान यांची वकिली चालली ती शेजाऱ्यांच्या कुंपणांवर. कुणाचं झुडूप वीतभर पलीकडे गेलं की भांडण यांच्या दारात. निम्म्या लोकांना ते कोर्टात न नेता कॉफी पाजून समेट करायला लावत, त्यामुळे बंगला काही झाला नाही. चौतिसाव्या वर्षी नगरसेवक झाले. नगराध्यक्षपदाला दोनदा उभे राहिले, दोनदा आपटले. सत्तावीस वर्षं मी सभांचं इतिवृत्त लिहितेय, पण नियमांचा असा किडा दुसरा पाहिला नाही. स्वल्पविरामावरूनसुद्धा माझा जीव खायचे.

नगरसेवकपदाची शेवटची तीन वर्षं त्यांनी एकाच गोष्टीसाठी घातली. गावाचा उघडा पोहण्याचा तलाव गळत होता; तो दुरुस्त करायचा की बुजवून घरं बांधायची? एकवीस नगरसेवकांपैकी टीडेमान धरून अकरा दुरुस्तीच्या बाजूने, दहा विरोधात. विरोधकांचा म्होरक्या हाइनो ब्रुगेमान, खडी-वाळूचा व्यापारी.

सभेच्या दिवशी सकाळी टीडेमानांची बहीण करार तपासून घ्यायला आली. तलावावरची तळलेल्या बटाट्यांची टपरी तिने चालवायला घेतली होती. वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. घरच्या माणसाचा फायदा असेल तर त्या विषयापुरतं उठून लोकांत बसायचं, मत द्यायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. आणि मतं समसमान पडली की ठराव पडतो.

सभागृहाच्या दारात त्यांनी हे सांगितलं, तेव्हा मीच हात जोडले. "गप्प बसा ना वकीलसाहेब! कोण विचारतंय?"

"उद्या कुणी विचारलं तर ठरावच रद्द होईल, आल्मुटबाई. आणि आज मीच विचारतोय त्याचं काय?"

विषय पुकारला गेला. ते उठले, कारण सांगितलं आणि लोकांच्या बाकावर जाऊन बसले. मागून एक म्हातारी ओरडली, "अहो, पोरांनी पोहायचं कुठं? तुमच्या कायद्यात?" त्यांनी मान खाली घातली. मला त्यांचा भयंकर राग आला.

नगराध्यक्षांनी मतदान पुकारलं, तेवढ्यात ब्रुगेमानची खुर्ची करकरली.

"थांबा. बुजवल्यावर तिथे बांधायला माझ्या जावयाने नकाशे काढून ठेवलेत." त्याचे कान लालबुंद झाले होते. "हा माणूस बटाट्यांसाठी उठतो आणि मी घरांसाठी बसून राहू? मलाही गावात तोंड दाखवायचंय."

तो येऊन टीडेमानांच्या शेजारी धपकन बसला. "सरका जरा. आता जावयाला काय सांगू?"

"वकिलाकडे पाठवा. कॉफी पाजतो."

दहा विरुद्ध नऊ. तलाव वाचला. लोक बाकांवर उभे राहून ओरडत होते, म्हातारी तर मिळेल त्याला मिठी मारत होती.

पुढचा विषय आला तरी टीडेमान जागेवर परतले नव्हते. नियम नियम असतो, म्हणून मी हाक मारली.

"येतो हो, आल्मुटबाई," चष्मा हातात धरून ते म्हणाले, "दोन मिनिटं मला इथेच रडू द्या."