पर्यायभाऊंचा तीन नंबर

पर्यायभाऊंना साधा प्रश्न विचारला तरी साधं उत्तर मिळत नसे. पाणी आहे का, असं कोणी विचारलं की ते कीबोर्डवरून बोटं न काढता म्हणायचे, "एक, माठातलं. दोन, नळाचं, पण नळ परवा येते. तीन, तुम्ही सांगा." तिसरा पर्याय त्यांनी स्वतः कधी दिला नाही. समोरच्याला तो द्यावाच लागे, त्याशिवाय पाणी मिळत नसे. दुकानाच्या पाटीवर त्यांचं खरं नाव होतं. ते फक्त पोस्टमन वाचायचा.

आमच्या वरवट बकाल गावात बसस्टँडसमोर त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि भिंतीपलीकडे आमचं वाचनालय. मी तिथे पुस्तकं देत असे. भिंत पातळ होती. माझ्याकडे शांतता आणि त्यांच्याकडे भांडण, असा आमचा शेजार.

भांडण वाढलं ते बोंडअळीच्या वर्षी. कपाशीचं बीटी बियाणं आल्यावर अळी गेली, असं सगळे धरून चालले होते. ती बोंडाच्या आत गुलाबी होऊन परत आली. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की सडकं. नुकसानीचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता आणि साइट उघडत नव्हती. सकाळपासून उभी असलेली माणसं दुपारपर्यंत एकमेकांच्या अंगावर जाऊ लागली. एकाने स्टूल उचललं. "सायट मुद्दाम बंद ठेवतं काय बे?"

पर्यायभाऊंनी मॉनिटर गर्दीकडे फिरवला आणि मोठ्याने वाचायला लागले. "तुम्ही सकाळी उठता तं कापसाच्या बोंडात. समोर अळी खुर्चीवर बसून पेपर वाचून राह्यली. अळी म्हणते, आधार कार्ड हाय का? एक, दाखवा. दोन, अळीलेच तिचं मागा. तीन, सांगा."

स्टूलवाला क्षणभर तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "अळीले म्हना, सायट बंद हाय. उद्या ये."

दुकान हसलं. स्टूल खाली आलं आणि तो त्याच्यावरच बसला.

हा त्यांनी स्वतः रचलेला खेळ. त्यात चित्रं नव्हती, नुसती वाक्यं आणि खाली पर्याय. कोणत्याही मोबाइलवर, ब्राउझरमध्ये उघडायचा. तिसऱ्या जागी रिकामी चौकट असे; लोक त्यात जे लिहीत, त्यातून ते पुढचा प्रसंग रचत. त्यामुळे खेळात ढग चहा पिऊन न बरसता निघून जात, बुजगावणं सरपंचपदाला उभं राहत असे, आणि फवारणीचा पंप पाठीवरून उतरायला नकार देऊन म्हणे, आधी माझं लग्न लावा. वाट कशीही वळली तरी खेळणारा मरत मात्र नसे. मी एकदा त्यांना याचं कारण विचारलं.

"तो पर्याय बाहेर फुकट भेटते, सर," ते म्हणाले. "इथं कायले ठेवू?"

पंपाच्या लग्नाची कल्पना गजाननची, त्यांच्या धाकट्या भावाची. गजानन मजुरीने फवारणीला जायचा. त्या वर्षी कपाशी डोक्यावर गेली होती. वर मारलेलं औषध तोंडावरच उतरत असे. एका औषधाने अळी मरेना म्हणून दोन एकत्र करत. नोझल तुंबलं की तोंडात धरून फुंकायचं, ही सगळ्यांचीच रीत. पर्यायभाऊंनी त्याला गॉगल आणि मास्क आणून दिला होता. ते दोन्ही सायकलच्या हँडलला लटकलेले असत. "गर्मी होते भाऊ," गजानन म्हणायचा.

एका दुपारी तो वावरातून थेट दुकानात आला आणि खेळ उघडून बसला. मीही तिथेच चहाला गेलो होतो. पर्याय समोर असूनही तो काही बोलेना. नेहमी तिसरं उत्तर त्याच्या जिभेवर तयार असायचं.

"वाच ना बे," पर्यायभाऊ म्हणाले.

"अक्षरं भुरकट दिसून राह्यले."

त्याचा शर्ट घामाने चिंब होता आणि ओठांच्या कडेला लाळ आली होती. पर्यायभाऊंनी त्याच्या शर्टाचा वास घेतला.

"नोझल फुंकलं?"

"हाव."

"उठ. शर्ट काढ."

त्यांच्या तोंडून पर्याय नसलेला असा हुकूम मी पहिल्यांदा ऐकला, आणि तेव्हाच मला भीती वाटली.

साबण लावून माठाचं पाणी त्याच्यावर ओतलं. मोटरसायकलवर पुढे पर्यायभाऊ, मध्ये गजानन, मागे त्याला मिठी मारून मी. तालुक्याचा रस्ता उखडलेला होता. पर्यायभाऊ मागे न पाहता ओरडत होते, "गजा! अळी दारात आली! एक, चहा पाज! दोन, दार लाव! तीन सांग!"

"तीन... तिले... काम सांगा..."

"कोनतं काम? सांग!"

गजाननचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं. त्याचा श्वास घरघरत होता.

"तीन सांग बे! गजा, तीन सांग!"

 दवाखान्याचं फाटक येईपर्यंत ते विचारत राहिले.

इंजेक्शनं सुरू झाली. आम्ही बाहेर उभे होतो.  काही दिवसांनी गजाननने डोळे नीट उघडले, भावाकडे पाहिलं आणि म्हणाला, "अळीलेच फवारायले पाठवा." पर्यायभाऊ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मग त्यांनी खेळात एक प्रसंग घातला. पंपाचं नोझल तुंबतं, आणि खाली एकच ओळ येते: तोंड लावू नका, तार घाला. "दोन-तीन कुठी गेले भाऊ?" लोक विचारत. "इथं नाईत," ते म्हणत आणि पुढचं बोलत नसत.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली. बुलढाण्याला नेलं तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. गजानन त्यांच्या कानाशी वाकला. "भाऊ, अळी दारात आली. एक, चहा पाजा. दोन, दार लावा. तीन सांगा." थोडं थांबून त्याने पुन्हा विचारलं. नर्सने सगळं संपल्याचं खुणावलं, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तरी तो विचारतच राहिला.

आता दुकानात गजानन बसतो. परवा भिंतीपलीकडून एका म्हातारीचा आवाज आला. "फारम भरून देतं काय रे बापू?"

"एक, आता देतो," गजानन म्हणाला. "दोन, सायट उघडली की देतो." आणि तो थांबला. मी हातातलं पुस्तक मिटलं. 

"अन् तीन?" म्हातारी म्हणाली. "तीन मीच सांगाचं असते ना? मंग लिही, म्हातारी इथंच बसते."