खरवडताई आणि नव्या रंगाचा ट्रेलर

आमच्याकडे तिला सगळे खरवडताई म्हणतात. दुकानाच्या पाटीवर 'ऑटो इलेक्ट्रिशियन' असं लिहिलंय, पण पाटी वाचतो कोण? कुठलीही गाडी आणा, ही बाई आधी खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढते आणि काहीतरी खरवडायला बसते. बॅटरीचं टोक, बल्बचा होल्डर, प्लगच्या पिना, जे हाताला लागेल ते. गिऱ्हाइकाचा जीव कासावीस होतो. त्याला नवीन वस्तूचं खोकं हवं असतं. खोकं हातात पडलं की दुरुस्ती झाल्यासारखी वाटते. हिच्याकडे खोकी नाहीत. म्हणून शहाणी माणसं दोन रस्ते सोडून मोठ्या गॅरेजात जातात. तिथे काचेचा दरवाजा आहे.

तिची शाळा सातवीत सुटली. मग मोठ्या भावाच्या बॅटरीच्या दुकानात ती रोज डबा पोचवायची आणि तो जेवेपर्यंत त्याचं अडलेलं काम उरकून टाकायची. भाऊ म्हणायचा, "तू डबा आणत नाहीस, माझी अब्रू घेऊन जातेस." पुढे लग्न झालं, नवरा बसचा ड्रायव्हर, दिवसभर बाहेर. सुनेच्या नखांतली काळी घाण बघून सासूबाईंनी वर्षभर नाक मुरडलं. आता त्याच सासूबाई तिच्या मदतनीस आहेत. दिवे तपासताना कुणीतरी गाडीत बसून ब्रेक दाबावा लागतो, आणि ते काम म्हातारी अशा रुबाबात करते की जणू गाडी तीच चालवत आली.

तर त्या आठवड्याची गोष्ट. वरच्या वस्तीची पाण्याची लाइन फुटली होती. तिथे आमच्या पाणी समितीचा पिकअप ट्रेलरवर टाकी ओढून पाणी न्यायचा. आणि नेमका तोच ट्रेलर तपासणी कार्यालयाने अडवला. तिथला अधिकारी म्हणाला, "ब्रेक दाबला की इंडिकेटर लागतो, इंडिकेटर लावला की मागचे लाल दिवे डोळे मिचकावतात. हा ट्रेलर आहे की सर्कस? दिवे नीट करून आणा, तोवर रस्त्यावर दिसता कामा नये." झालं. वरच्या दोनशे घरांचं पाणी बंद.

मग आमच्याकडचे एकेक विद्वान पुढे सरसावले. काचेच्या दरवाजाच्या गॅरेजवाल्याने सगळे बल्ब बदलले. दिवे डोळे मिचकावतच राहिले, फक्त आता जास्त झगझगीत. मग पिकअपच्या ड्रायव्हरचा मेहुणा आला. याने कुठल्याशा व्हिडिओत बघून फ्यूज काढला आणि त्या जागी जाड तार कोंबली. जळका वास सुटला तेव्हा म्हणाला, "म्हणजे करंट येतोय!" शेवटी आमच्या समितीच्या सचिवांनी नवेकोरे एलईडी दिवे आणले, स्वतः उभे राहून बसवून घेतले, फोटोही काढला. फोटोत दिवे फार छान दिसतात. कारण फोटोत कुणी ब्रेक दाबत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला ट्रेलर खरवडताईच्या दारात आला. तपासणी कार्यालय पाचला बंद होणार आणि पुढे दोन दिवस सुट्टी. वरच्या वस्तीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन समितीच्या कार्यालयात ठिय्या देऊन बसलेल्या.

"सगळं बदलून झालं का?" खरवडताईने विचारलं.

"हो ताई, सगळंच," सचिव म्हणाले.

"मग माझ्याकडे कशाला आलात? ट्रेलर तेवढा बदलायचा राहिलाय."

मेहुण्याची तार तिने दोन बोटांत धरून उपटली, नाकाशी नेली, बाजूला उभ्या मेहुण्याच्याच खिशात घातली आणि तिथे नवा फ्यूज बसवला. मग पिकअपच्या मागच्या सॉकेटला तिने आपला टेस्टर लावला. टेस्टर म्हणजे जुन्या बल्बला दोन वायरी जोडलेल्या, बस. सासूबाई आधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या.

"आई, दाबा."

"दाबलाय गं!"

"सोडा. आता डावा इंडिकेटर."

"ह्यात डावं कुठलं?"

"तुम्ही माझ्यावर ज्या हाताने डाफरता ना, त्याच्या उलटं."

"मी दोन्ही हातांनी डाफरते!" म्हातारी गाडीतून ओरडली आणि बरोबर डावा इंडिकेटर लावला.

सॉकेटवर सगळं ठीक होतं. म्हणजे पिकअप निर्दोष, खोट ट्रेलरमध्ये. मग तिने एक लांब वायर घेतली. एक टोक पिकअपच्या बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ट्रेलरच्या दिव्याच्या उघड्या पत्र्याला. "दाबा, आई." आणि ट्रेलरचे दिवे शहाण्यासारखे वागायला लागले. ब्रेकला ब्रेक, डाव्याला डावा.

सचिव म्हणाले, "म्हणजे वायर छोटी पडत होती?"

"नाही हो. करंट दिव्यापर्यंत जातोय, पण त्याला परत यायला रस्ता नाही. स्वतःचा रस्ता बंद झाला की तो शेजारच्या दिव्यातून घुसून परततो. म्हणून एक लावला की दुसरा पेटतो. ह्या परतीच्या रस्त्याला अर्थिंग म्हणतात. बल्ब कितीही बदला, रस्ता कोण उघडणार?"

एवढं बोलून ती पाठीवर सरकत ट्रेलरखाली गेली. आम्ही तिच्या चपला बघत उभे. मग खालून आवाज आला, आणि तो चांगला नव्हता.

"इथे रंग कुणी लावला?"

सचिव हळूच ट्रेलरच्या दुसऱ्या बाजूला सरकले.

"मागच्या वर्षी अर्थिंगच्या बोल्टखालचा पत्रा मी स्वतः खरवडला होता. सांगितलं होतं, रुपयाएवढा तुकडा उघडा ठेवा. कुठल्या दीडशहाण्याने बोल्ट काढून, खाली रंग मारून, परत बसवला? रंगातून करंट जात नाही हो!"

दीडशहाणा एक नव्हता, नऊ होते. महिन्याभरापूर्वी आमच्या समितीची बैठक झाली होती. ट्रेलरला निळा रंग द्यायचा, दोन्ही बाजूंना समितीचं नाव टाकायचं. खालचा तो उघडा डाग सचिवांना खुपला. "लोक काय म्हणतील?" म्हणून ठराव केला: बोल्ट काढून आतपर्यंत रंग द्यावा, एकही जागा सुटता कामा नये. एकमताने मंजूर. हात वर करणाऱ्यांत मीही होतो आणि ठरावाचं वाक्य माझंच. रस्त्यावर पाण्यासाठी घसा फोडणारे आम्ही, आमच्याच ठरावाने तीन दिवस पाणी अडवून बसलो होतो.

दहा मिनिटं खरवडण्याचा आवाज. ती बाहेर आली तेव्हा भुवयांपर्यंत निळी झाली होती. बोल्ट आवळला, वरून थोडं ग्रीस. लांब वायर काढून घेतली. "आई, शेवटचं." म्हातारीने सगळे दिवे एकेक करून लावले. एकानेही शेजाऱ्याच्या घरात पाऊल टाकलं नाही.

पावणेपाचला आम्ही तपासणी कार्यालयाच्या आवारात. अधिकाऱ्याने दिवे पाहिले, मान डोलावली, वाकून ट्रेलरखाली टॉर्च मारला आणि थबकला. "इथला रंग का गेलाय?"

सचिव हातात रंगाचा डबा आणि ब्रश घेऊनच आले होते. "साहेब, दोन मिनिटं द्या, आत्ता लावतो!"

खरवडताई त्यांच्या आणि ट्रेलरच्या मधे उभी राहिली. "साहेब, तिथे रंग लावून बघितलाय. दोनशे घरं तीन दिवस तहानलेली आहेत. अजून बघायचाय का?"

अधिकाऱ्याने घड्याळाकडे पाहिलं, तिच्या निळ्या भुवयांकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

सव्वापाचला टाकी भरून ट्रेलर चढाला लागला. वळणावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला, मागे फक्त लाल लागलं. हंडेवाल्या बायका आमच्याबरोबर मागोमाग चालत होत्या. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "एवढ्यासाठी तीन दिवस?" सचिव बुटांकडे बघायला लागले. मीही.

रंगाचा तो डबा खरवडताईने तपासणीच्या आवारातच सचिवांच्या हातून काढून घेतला होता. आता तो तिच्या दुकानात असतो. सासूबाई त्यावर पाय ठेवून बसतात. सचिवांनी दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा म्हातारीने एकच निरोप दिला: "त्यांना म्हणावं, बैठक घ्या, ठराव करा, आणि मग स्वतः येऊन माझ्या पायाखालून काढा."