चंद्रासाठी कातलेल्या बारा कड्या

माझ्या मेहुण्यानं मला मारलं ते वाळूजच्या कारखान्यात, भरदुपारी, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना. कारण होतं अठ्ठावीस मायक्रॉन. म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी.

आमच्याकडं बारा कड्यांचं काम आलं होतं. शनीच्या सगळ्यात मोठ्या चंद्राला दाट हवा आहे. त्याच्याभोवती फिरत ती हवा तपासणारं यान परदेशात आखलं जात होतं, आणि त्याच्या इंजिनाच्या चाचणीसाठी ॲल्युमिनियमच्या या कड्या हव्या होत्या. तिथं पोचायला काही वर्षं. तिथून संदेश यायलाच तासाच्या वर. वेग तोडायला इंजिन पेटेल तेव्हा यान असं हादरणार, की सैल कडी घणासारखी आदळून आपलीच खोबण फोडेल. तिथं पाना घेऊन कोण जाणार?

कड्या मेहुण्यानं लेथवर कातल्या. बायकोचा धाकटा भाऊ, बजाजनगरात आमच्याच गल्लीत राहणारा. पंचवीस वर्षं त्यानं मोटारसायकलचे पोलादी भाग केले. आमच्या शेडमध्ये उन्हाळ्यात गरम भाग यंत्रावरून उतरताच मोजायचा आणि थंड झाल्यावर तो किती आकसेल ते मनानंच वजा करायचं, अशी रीत होती. पोलादात त्याचा अंदाज कधी चुकला नाही. ॲल्युमिनियम मात्र दुपटीनं आकसतं. मी तपासनीस, कड्या सहा तास वीस अंशांच्या खोलीत ठेवून मग मोजल्या. पंधरा मायक्रॉनचा फरक चालला असता. बाराही अठ्ठावीसच्या आसपास लहान भरल्या, म्हणजे खोबणीत सैल.

"बाराच्या बारा रद्द," मी म्हणालो.

"दाजी, शिक्का मारा. पाव्हण्याची थोडी तरी इज्जत ठेवा."

"मापाला पाव्हणा कळत नाय."

"एसीत बसून आकडेमोड करता, अन् कारागिरी मला शिकवता व्हय?"

"शिकवावी लागते. तुझं डोकं पण पोलादाचंच हाय."

चार माणसं हसली. हे बोलायची गरज नव्हती.

त्यानं कडी मुठीत धरून माझ्या तोंडावर घातली. वरचा दात मुळापासून गेला. मी त्याचं मनगट धरलं आणि हात मोजणीच्या दगडी टेबलावर आपटला, दोनदा. पहिल्या वेळीच बोट मोडल्याचा आवाज मी ऐकला होता. तरी दुसऱ्यांदा आपटला.

लोकांनी आम्हाला सोडवलं. साहेब आले, रक्त पाहिलं, म्हणाले, "शिक्का तुमचा. ठरवा."

रद्द झालेला भाग चुकूनही कुणी वापरू नये म्हणून तो तिथंच ठोकून निकामी करायचा, असा नियम. मी तोंडाला फडकं बांधलं आणि ऐरणीवर कड्या ठोकायला लागलो. प्रत्येक घाव जबड्यात उतरत होता. मेहुणा हात पोटाशी धरून भिंतीला टेकून बसला होता. सातवी चेपली तेव्हा तो उठला.

"द्या इकडं. माझ्या हातच्या हायत."

उरलेल्या पाच त्यानं डाव्या हातानं ठोकल्या. चपट्या झाल्यावरही ठोकत राहिला, आणि नजर माझ्यावर.

नव्या कड्या दुसऱ्यानं कातल्या. त्या मापात बसल्या. मी शिक्का मारला. मेहुण्याचं बोट वाकडंच जुळलं. आता तो मायक्रोमीटर डाव्या हातानं फिरवतो, भाग पूर्ण थंड झाल्यावर. मला दाजी म्हणत नाही. साहेब म्हणतो.