उल्काच्या होडीत नवखी माणसं

उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी उल्का गावकरला फोन करू नये, ती उचलत नाही. आठवडाभर ती अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टच्या एका ऑफिसात लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, संध्याकाळी ट्रेनने आल्मेरेला घरी जाते. शनिवारी मात्र ती शेवेनिंगेनच्या बंदरात असते. साडेसहा मीटरची होडी, आणि तिच्यात दोन-तीन अशी मराठी माणसं, ज्यांनी मासा फक्त ताटात पाहिलेला. त्यांना ती बांगडे धरायला शिकवते. नवरा जयप्रकाश पक्का पुणेकर. त्याला अंघोळीच्या टबातही बोट लागत असावी. तो किनाऱ्यावर उभा राहून कौतुक करतो, आणि तेवढं पुरे आहे.

उल्का वेंगुर्ल्याची. तिचे बाबा तांडेल, म्हणजे होडीचे कर्ते. होडी त्यांच्या शब्दावर चालायची. पण लेकीची हद्द पाणी पायाला लागेपर्यंतच. "होडयेर बाईमाणसान पाय ठेवचो न्हय," असं ते म्हणायचे, आणि विषय संपायचा. उल्काने वाद घातला नाही, शिकली, नोकरीला लागली, इतक्या लांब आली. मग शेजारी भेटला हेंक. निवृत्त शाळामास्तर, एका होडीचा मालक. त्याने एकदा सहज विचारलं, येतेस का? तीन उन्हाळे त्याने तिला भरती-ओहोटी, वारा, वाळूचे उंचवटे शिकवले, आणि चौथ्या उन्हाळ्यात चावी हातात ठेवली. जन्मदात्याने जे दिलं नाही ते परक्या माणसाने मागण्याआधी दिलं, याचं ऋण कसं फेडायचं? तिने ते नवख्यांना शिकवून फेडायचं ठरवलं.

यंदा जूनमध्ये बाबा आले. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे, पुन्हा एवढा प्रवास होणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक. उल्काला एकच गोष्ट हवी होती, बाबांनी एकदा आपल्या होडीत बसावं. ती मागायची मात्र हिंमत नव्हती. चार शनिवार ते बंदरात आले, धक्क्यावरच्या बाकावर बसले आणि समुद्राकडे बघत राहिले. होडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाचव्या शनिवारी हेंकचा फोन आला, पाठ धरली आहे, येऊ शकत नाही. उल्काचा नियम असा की नवखे घेऊन जायचं तर पाण्याचा जाणकार दुसरा हवाच, आणि तो दर वेळी हेंक असायचा. इकडे त्या दिवशीचे नवखे, सुबोध आणि मृण्मयी, फेल्डहोवनहून पहाटे निघून, नवीकोरी जाकिटं घालून हजर झाले होते. उल्का त्यांची माफी मागू लागली. तेवढ्यात बाकावरून आवाज आला.

"माका घेतंस काय गो? खलाशी म्हणान?"

उल्काने बाबांना लाइफ जॅकेट घातलं. त्याचे पट्टे तिने स्वतः आवळले.

समुद्र शांत होता. शिरस्त्याप्रमाणे पहिला पाव तास तिने गळ दिलेच नाहीत, नुसती दोरी आणि तिच्या टोकाला शिशाचं वजन. शिसं तळाला टेकलं की हाताला कळलं पाहिजे, हा तिचा पहिला धडा.

"ताई, सालमन मिळेल ना? मी रील्स बघून आलोय," सुबोध म्हणाला.

"इथे सालमन लागलाच तर परत सोडायचा, कायदा आहे. खायचा असेल तर अल्बर्ट हाइनच्या सुपरमार्केटात जा."

बाबा गालातल्या गालात हसले. मग पाच पाच गळांच्या दोऱ्या पाण्यात गेल्या आणि मृण्मयीच्या दोरीला एकदम तीन बांगडे लागले. ती किंचाळली. फोटो काढायला सुबोध ताडकन उभा राहिला, आणि नेमक्या त्याच वेळी लांबून गेलेल्या मोठ्या जहाजाच्या लाटा होडीपर्यंत पोचल्या. होडी कलली, सुबोध आपटला, फोन समुद्रार्पण. उल्का होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लाटांकडे वळवत होती, तोच बाबांचा हात सुकाणूच्या चाकावर पडला. साठ वर्षांची सवय, दुसरं काही नाही. पण एका चाकावर दोघांचे हात म्हणजे होडी आडवी.

"बाबा, हात काढा! खाली बसा!"

आयुष्यात ती बापाशी अशी बोलली नव्हती. बाबांनी हात काढला आणि ते बसले. बसल्या बसल्या सुबोधला कॉलर धरून खाली दाबलं. होडीने एक लाट घेतली, दुसरी घेतली, तिसरीला मान डोलावली, आणि पाणी निवळलं.

नंतर मासे भरपूर लागले, पण बाबा तिच्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत बसले. उल्का हसून शिकवत होती आणि आतून खचत होती. चारचौघांत बापाला दटावलं. आता हा माणूस हाच दिवस मनात घेऊन वेंगुर्ल्याला जाणार.

धक्क्यावर आल्यावर बाबांनी बादली ओढून घेतली आणि वीस बांगड्यांचे वाटे घालायला बसले. चार चारचे पाच वाटे झाले.

"आजोबा, आपण चौघंच आहोत," मृण्मयी म्हणाली.

"माणसां चारच. खलाशाक एक वाटो, तांडेलाक दोन. आमच्याकडची रीत." त्यांनी सुबोधपुढे एक सरकवला, मृण्मयीपुढे एक, स्वतःच्या पायाशी एक. उरलेले दोन उचलून उल्काच्या समोर ठेवले आणि मान वर न करता म्हणाले, "आवाज बरो लागलो तुझो. तांडेलाचो असोच व्हयो."

उल्का तिथेच, ओल्या दगडावर, बाबांच्या शेजारी बसली आणि दोन पाहुण्यांदेखत रडली. सुबोधला वाटलं, त्याच्या फोनसाठी.