शेजारच्या खुर्चीतल्या पार्वताबाई

"गुरुजी, गाठ स्वादुपिंडात आहे. आणि ती कॅन्सरची आहे," बायोप्सीचा रिपोर्ट टेबलावर ठेवत नागपूरचे डॉक्टर म्हणाले. बायोप्सी म्हणजे गाठीचा बारीकसा तुकडा काढून केलेली तपासणी.

भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीच्या शाळेत मी सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. जठराच्या मागे आडवं पसरलेलं स्वादुपिंड फळ्यावर किती वेळा काढलं, त्याला गणती नाही. तरी त्या दिवशी तोंडून एकच प्रश्न निघाला, "म्हणजे नेमकं कुठं, डॉक्टर?" माझ्या बायकोनं, करुणानं, टेबलाखाली माझा हात घट्ट धरला.

सुरुवात खाजेपासून झाली होती. मग डोळे पिवळे झाले, लघवी कोऱ्या चहासारखी होऊ लागली, वजन उतरलं. सगळ्यांनी मिळून कावीळ ठरवली आणि मी, विज्ञानाचा मास्तर, तीन आठवडे झाडपाल्याचं औषध घेत बसलो. तुमच्या घरी कुणाचे डोळे पिवळे झाले, तर ही चूक करू नका. आधी डॉक्टरकडे जा, सोनोग्राफी करा.

पित्ताची नळी गाठीनं दाबली होती. दुर्बिणीतून तिच्यात स्टेंट, म्हणजे छोटी पोकळ नळी, बसवली. खाज थांबली. डॉक्टर म्हणाले, "गाठ रक्तवाहिनीला टेकली आहे. आधी केमोथेरपी देऊ. आखडली तर ऑपरेशन करू."

दर पंधरा दिवसांनी नागपूर सुरू झालं. घरी माणसं येत आणि दबक्या आवाजात बोलत. कुणी आजाराचं नाव घेत नव्हतं. लाखनीत हा आजार झालेलं दुसरं कुणी मला माहीत नव्हतं. जेवलं की पोट फुगायचं, तेलकट जुलाब व्हायचे. केमोमुळे नळाचं गार पाणीही हाताला सुयांसारखं टोचायचं. तिसऱ्या केमोनंतर मी करुणाला म्हटलं, "आता बस झालं."

ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "डॉक्टरले तुमच्या तोंडानं सांगा. मंग मी काही म्हणत नाही."

आम्ही गेलो. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. सिस्टरनं मला केमोच्या खोलीत बसवलं. शेजारच्या खुर्चीत साठीच्या एक बाई होत्या. एका हाताला सलाईन, पायांत लोकरीचे मोजे, मांडीवर वरणभाताचा डबा.

"तुमचं कोनतं?" त्यांनी विचारलं.

"स्वादुपिंडाचं. पॅनक्रियाज म्हणतात ते. मी लाखनीचा."

त्यांचा चेहरा असा खुलला की जणू माहेरचं माणूस भेटलं. "अगा बाई! माझंबी तेच! मी अड्याळची. सात महिने झाले, आपल्या भंडाऱ्याकडचं एकबी नाही भेटलं!"

माझ्या कॅन्सरचा कुणाला इतका आनंद होईल असं मला वाटलं नव्हतं. मला हसू आलं. करुणा माझ्याकडे बघतच राहिली.

पार्वताबाई अड्याळच्या बाजारात भाजी विकतात. त्यांनी माझी पूर्ण उलटतपासणी घेतली. पचनाच्या कॅप्सूल मी जेवण झाल्यावर, आठवल्या तर घेत होतो. स्वादुपिंड पाचक रस देईनासं झालं की त्या कॅप्सूल ते काम करतात.

"जेवल्यावर काहून घेता, मास्तर? पहिल्या घासासंग घ्या. मांगून घेऊन काय फायदा?"

मी सिस्टरला विचारलं. तिनं माझीच फाइल उघडून दाखवली. "जेवणासोबत" असं ठळक लिहिलेलं होतं. प्रश्न नीट वाचा म्हणून पोरांवर ओरडणाऱ्या मास्तरनं चिठ्ठी वाचली नव्हती.

मग मी त्यांना सांगितलं, की आज बंद करायलाच आलो आहे. त्यांनी मांडीवरचा डबा बाजूला ठेवला.

"माझी गाठ लिव्हरात गेली. ऑपरेशन होत नाही म्हणे. तरी मी बाजार नाही सोडला. तुमची निघू शकते म्हणतात न? मंग अजून एक डाव पाहून घ्या. नाहीच जमलं त करा बंद. कोनाले भेता?"

चौथी केमो मी त्याच दिवशी घेतली. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घेऊ लागलो आणि आठवडाभरात अन्न अंगी लागायला लागलं. थंडीतही फिरता येईल असे लोकरीचे हातमोजे करुणानं आणले. आठ केमो झाल्या. गाठ आखडली.

मग ऑपरेशन झालं. त्याला व्हिपल म्हणतात. स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय, आतड्याचा थोडा भाग काढून उरलेलं पुन्हा जोडतात. त्यानंतर आतडी चालू झाली का, यावर सगळ्यांचं लक्ष असतं. पार्वताबाईंचा रोज सकाळी फोन.

"पादले का, मास्तर?"

पाचव्या दिवशी मी "हो" म्हटलं. अड्याळहून त्यांचं सगळं घर टाळ्या वाजवत होतं. मला हसू आवरेना, आणि टाके दुखतात म्हणून हसताही येईना.

आता याच आजाराचे आम्ही सहा जण आहोत. व्हॉट्सअॅपवर ग्रुप आहे. काय खाल्लं, काय पचलं, कुणाचा स्कॅन कधी, सगळं तिथं येतं. औषधाचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच. आमच्यातल्या एक ताई गेल्या. त्यांचे यजमान अजून ग्रुपवर आहेत. नवीन कुणी आलं की पहिला फोन तेच करतात.

मागच्या आठवड्यात मी आणि करुणा करडी गावी गेलो. तिथल्या लक्ष्मणचं नुकतंच निदान झालं आहे. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तासभर मीच बोललो. शेवटी त्यानं विचारलं, "ट्रॅक्टर चालवता येईन का जी?"

मी पार्वताबाईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"मले त सायकलबी येत नाही, बाबू! चालवाचं डॉक्टरले विचार. पन नुसतं बसाले कोनाची परवानगी लागते? जा, बस!"

लक्ष्मण हसला. उठला. अंगणात जाऊन बंद ट्रॅक्टरवर चढून बसला, आणि तिथूनच बायकोला ओरडून म्हणाला, "भात वाढ वं, गुरुजी जेवून जातीन."

माझा पुढचा स्कॅन तीन आठवड्यांनी आहे. भीती वाटते, नाही असं नाही. पण डॉक्टर, सिस्टर, करुणा यांच्या उपकारानं मला आता रडू येत नाही, जेवावंसं वाटतं.

लक्ष्मणची पहिली केमो बुधवारी आहे. पार्वताबाईंची मंगळवारी होती. त्यांनी डॉक्टरांना विचारून एक दिवस पुढं ढकलून घेतली. मीही जाणार आहे. करुणा डबा करते आहे, चौघांना पुरेल एवढा.